पाइपची बंदूक, सुतळी बॉम्ब आणि आपले कान

  भाकरी थापत असाल तर थापत राहा, निवडण-टिपण चालू असेल तर चालू द्या. फक्त कान इकडे असू द्या. कारण आज आम्ही कानाबद्दलच बोलणार आहोत.

दिवाळी जवळ आली आहे. शाळांना सुट्ट्या लागतील. पोरं दिवसभर घराबाहेर असतील आणि गल्लीत धाडधाड आवाज सुरू होतील. दिवाळी सरली की लग्नसराई येईल, डीजे येईल. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायचे दिवस येतील. मग मळणी सुरू होईल. म्हणजे आता इथून पुढचे चार-पाच महिने आपल्या कानांना उसंत नाही. म्हणून हा विषय आत्ताच घ्यायचा, असं आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, कर्ज, हप्ते, दूध, शेळ्या हे सोडून हे काय काढलं? पण मैत्रिणींनो, गटात आपण पैशाची बचत शिकलो. शरीरात काही गोष्टी अशा आहेत की त्या जन्माला येताना एकदाच मिळतात. खर्च झाल्या की परत भरता येत नाहीत. कानाचं ऐकू येणं हे त्यातलं एक आहे.

आधी आपल्या गावातले आवाज मोजू या. बैठकीत आम्ही प्रत्येकीला विचारलं, तुमच्या घराजवळ सगळ्यात मोठा आवाज कशाचा? यादी बघता बघता लांबली. टिकलीचं पिस्तूल, लवंगी माळ, सुतळी बॉम्ब, मिरवणुकीतला डीजे, ढोल-ताशा, ट्रॅक्टरवरचा टेप, देवळाचा कर्णा, मळणी यंत्र, कडबाकुट्टी, मिरची कांडप, पिठाची गिरणी. आणि एक नवीन गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येकीने सांगितली, ती म्हणजे पाइपची बंदूक.

ही बंदूक तुम्ही पाहिली असेल. प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे जोडतात, मागे गॅसच्या लायटरचा खटका बसवतात. आत कॅल्शियम कार्बाइडचा खडा आणि थोडं पाणी टाकतात. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन नावाचा गॅस तयार होतो. वेल्डिंगवाले जो गॅस वापरतात, तोच हा. खटका दाबला की ठिणगी पडते आणि गॅस एकदम पेटून स्फोट होतो. वानरं हाकलायला, पाखरं उडवायला शेतकऱ्यांनी ती वापरायला सुरुवात केली. पूर्वी आपण माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो, डबा वाजवायचो, बुजगावणं उभं करायचो. आता पाइप आला. आणि शेतातला पाइप पोरांच्या हातात खेळणं म्हणून कधी आला, ते कळलंही नाही.

या बंदुकीने काय होतं, ते २०२५ च्या दिवाळीत सगळ्या देशाने पाहिलं. मध्य प्रदेशात भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची नजर गेली. बंदूक वाजली नाही की पोरं आत काय झालं ते बघायला पाइपला डोळा लावतात आणि तेवढ्यात आतला गॅस पेटतो. त्यानंतर तिथल्या सरकारने या बंदुकांच्या विक्रीवर कारवाई केली. डोळ्यांबद्दल सगळीकडे बोललं गेलं, ते बरंच झालं. पण त्याच बंदुकीने कानाचं काय होतं, याबद्दल फार कुणी बोललं नाही.

का बोललं नाही? कारण डोळ्याची जखम दिसते. रक्त येतं, पोरगं रडतं, घरचे धावतात. कानाची जखम आत असते. बाहेरून कान जसाच्या तसा. पोरगं दोन मिनिटं कान चोळतं, हसतं आणि पुन्हा खेळायला पळतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. मोठ्या शहरांत आणि परदेशात एअरसॉफ्ट नावाचा एक खेळ आहे. १९७० च्या दशकात तो जपानमध्ये सुरू झाला. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांतून प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या मारायच्या आणि लुटुपुटूची लढाई खेळायची. त्यात मोठा आवाज करणारे खोटे हातगोळे पण असतात. काही गॅसवर चालतात, काहींत दारूचं रिकामं काडतूस फुटतं. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय या खेळात मैदानात उतरू देत नाहीत. तो नियम पक्का आहे. कानात बूच घालायचं की नाही, हे मात्र बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असतं. आणि बंद खोलीत तो गोळा फुटला तर आवाज भिंतींवर आपटून आणखी जोराने कानावर येतो. म्हणजे पैसेवाल्यांच्या खेळातही डोळा आधी आणि कान मागे. आपल्या गल्लीत तर दोन्हीची काळजी आईनेच घ्यायची आहे.

आता कानाच्या आत काय असतं ते समजून घेऊ. आवाज कानाच्या नळीतून आत जातो आणि पडद्यावर आदळतो. पडद्याला तीन इवलीशी हाडं जोडलेली असतात. ती हलतात आणि आवाज पुढे ढकलतात. त्यांच्या पुढे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. त्या नळीत पाणी असतं आणि त्या पाण्यात बारीक केस असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाची लाट आली की हे केस डुलतात आणि मेंदूला निरोप जातो.

हे केस म्हणजे उभी ज्वारी समजा. वारा आला की ज्वारी वाकते आणि पुन्हा उभी राहते. जोराचा वारा झाला तर आडवी पडते, एक-दोन दिवसांनी काही ताटं सावरतात. पण गारपीट झाली तर ताटच मोडतं. मोडलेलं ताट पुन्हा उभं राहत नाही. शेतात आपण दुबार पेरणी तरी करतो. माणसाच्या कानात दुबार पेरणी नाही. त्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

दिवसभर डीजेजवळ थांबलं की रात्री कानात शिट्टी वाजते, सगळं दबल्यासारखं ऐकू येतं. हा जोराचा वारा. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून आपण विसरून जातो. पण दरवेळी थोडी थोडी ताटं मोडत असतात. कानाजवळ सुतळी बॉम्ब किंवा पाइपची बंदूक वाजणं ही गारपीट. तिला दुसरी वेळ लागत नाही, एकदाच पुरते. आणि देवाने डोळ्याला पापणी दिली आहे, कानाला दिलेली नाही. मोठा आवाज आला की कानातला एक बारीक स्नायू ताणला जातो आणि थोडं संरक्षण करतो. पण स्फोट इतका झटकन होतो की स्नायू ताणला जाईपर्यंत आवाज आत जाऊन पोचलेला असतो.

आता थोडा हिशोब. आपल्या बायकांना हिशोबाची भीती नाही, व्याजाचा हिशोब आपण महिन्याला करतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबल, आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास, मिक्सर ८५ च्या आसपास, डीजेच्या भिंतीजवळ १०० च्या वर. पण हे आकडे रुपयांसारखे सरळ वाढत नाहीत. दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते. म्हणजे सावकाराच्या व्याजापेक्षा वाईट. ८५ डेसिबलमध्ये माणूस दिवसात ८ तास काम करू शकतो. ८८ झाला की ४ तास. ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मिरवणूक किती तास चालते, ते तुम्हीच आठवून बघा.

हे झालं सतत चालणाऱ्या आवाजाचं. स्फोटाचा हिशोब वेगळा. तिथे वेळ मोजत नाहीत, एकाच धडाक्याची उंची मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाच्या कानावर असा धडाका १४० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि लहान मुलाच्या कानावर १२० च्या वर जाऊ नये. आपल्या देशात फटाक्यांसाठी नियम आहे की फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजलं तर धडाक्याचा वरचा आकडा १४५ पेक्षा जास्त नको. ४ मीटर म्हणजे १३ फूट. आता बघा, कायद्यात बसणारा फटाका १३ फुटांवर १४५ पर्यंत जाऊ शकतो आणि मुलाच्या कानाची मर्यादा आहे १२०. त्यात अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ४ मीटरचे २ झाले की ६ वाढले, २ चा १ मीटर झाला की आणखी ६. आणि आपली पोरं सुतळी बॉम्ब लावून किती लांब पळतात? पाइपची बंदूक तर खांद्यालाच लावलेली असते.

म्हणून पाकिटावर कारखान्याचं नाव आहे, दुकानात उघड विकतात, म्हणजे ते पोरांच्या कानाला चालतं, असं समजू नका. आणि पाइपच्या बंदुकीला तर पाकीटही नाही, मोजमापही नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलाचं सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय. मुलगा सहावीत. मागच्या दिवाळीत पत्र्याच्या शेडमध्ये चार पोरं जमली होती. एकाने बंदूक वाजवली, ती याच्या डाव्या कानाजवळ. याने घरी सांगितलं नाही. ओरडा बसेल म्हणून. दोन दिवस कान दुखतो म्हणाला, तेव्हा आजीने मायेने तेल कोमट करून कानात सोडलं. मग दुखणं थांबलं आणि सगळे विसरले.

डिसेंबरात शाळेतून तक्रार आली, वर्गात लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाही. घरी बोलणी बसली. मार्कही घसरले. शेवटी ताईंच्याच ध्यानात आलं की हा फोन कायम उजव्या कानालाच लावतो आणि जेवताना उजवीकडून बोललं तरच उत्तर देतो. त्या त्याला उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथून जिल्ह्याला पाठवलं. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली. कानाचा पडदा फाटला होता, तो आपोआप भरून आला होता. पण आतल्या पेशी गेल्या होत्या. बारीक, उंच आवाज त्या कानाने ऐकू येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-चार दिवसांत आला असता तर औषधाने काही प्रयत्न करता आला असता.

आता तो मुलगा वर्गात पुढच्या बाकावर, डाव्या बाजूला बसतो, म्हणजे बाईंचा आवाज उजव्या कानावर येतो. अभ्यास सावरतोय. पण रस्त्यावर मागून ट्रॅक्टर आला तर तो कुठल्या बाजूने येतोय, हे त्याला पटकन कळत नाही. कारण आवाजाची दिशा कळायला दोन्ही कान लागतात. ताई म्हणतात, तो सायकल घेऊन गेला की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणखी एक गोष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याच्या दिव्यांगत्वाचा विचार दोन्ही कानांवरून केलेला आहे. त्यामुळे एका कानाचं नुकसान कागदावर येतच नाही. ते त्या पोराने आणि त्याच्या आईने निभावायचं.

यातून आपण काय शिकायचं? पहिलं म्हणजे, पोरं सांगत नाहीत. ती सांगतील असं घर करायला हवं. कानाजवळ काही वाजलं तर घरी येऊन लगेच सांग, मी रागावणार नाही, हे वाक्य दिवाळीआधी प्रत्येक आईने आपल्या लेकरांना म्हणून ठेवा.

दुसरं, कानाजवळ धडाका झाला तर काय करायचं ते नीट ऐका. पोराला लगेच आवाजापासून लांब न्या. पुन्हा फटाक्यांजवळ पाठवू नका, कान शांत राहू द्या. कानात तेल, पाणी, लसणाचा रस, औषधाचे थेंब, काडी, पिन, काही म्हणजे काही घालू नका. पडदा फाटला असेल तर घातलेली वस्तू थेट आत जाते आणि कान पिकतो. रक्त किंवा पाणी येत असेल तर बाहेरून स्वच्छ कोरडा कपडा धरा. अंघोळीत कानात पाणी जाऊ देऊ नका. आणि ऐकू कमी येत असेल, कान बंद झाल्यासारखा वाटत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नुसती शिट्टी वाजत असेल आणि ती एका दिवसात थांबली नाही, तरीही जा. सण झाल्यावर बघू, असं करू नका. आतल्या कानाच्या दुखापतीत पहिले काही दिवसच मोलाचे असतात.

तिसरं, घरच्या घरी एक सोपी तपासणी. मुलाला समोर बसवा, तुम्ही त्याच्या मागे हातभर अंतरावर उभ्या राहा. त्याने एक कान बोटाने दाबून बंद करायचा. मग तुम्ही कुजबुजत तीन शब्द म्हणा. साखर, शेंगा, फुलपाखरू असे शब्द घ्या. स, श, फ हे आवाज बारीक असतात आणि कान बिघडला की आधी तेच हरवतात. त्याने ते शब्द परत म्हणायचे. मग दुसरा कान, वेगळे शब्द. एका कानाने नेहमी चुकत असेल तर तपासणीला न्या. हे डॉक्टरांच्या तपासणीऐवजी नाही, पण शंका कुठे घ्यायची ते यातून कळतं.

तपासणी कुठे होते? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात कानाचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी पोराला शाळेत पाठवा आणि शंका असेल तर स्वतः जाऊन सांगा. मोठ्या माणसांसाठी जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

आता आपल्या स्वतःच्या कानाकडे येऊ. आपण सगळं लेकरांवर बोललो, पण मळणीच्या यंत्राजवळ कणसं कोण लावतं? कडबाकुट्टीत कडबा कोण सारतं? मिरची कांडपावर दिवसभर कोण बसतं? आपणच. आमच्याकडे एका गटाची मसाला गिरणी आहे. तिथल्या बायका रात्री घरी जाऊन टीव्हीचा आवाज वाढवायच्या. सासूबाई म्हणायच्या, तू मोठ्याने का बोलतेस गं? तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एक खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या बाईशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तो आवाज कानाला जड आहे. तिथे कानाला काहीतरी लावायलाच हवं. कापसाचा बोळा घालून भागत नाही, त्याने आवाज फार कमी होत नाही. मऊ स्पंजचं बूच मिळतं, त्याला इअरप्लग म्हणतात. त्याची किंमत चहा-बिस्किटाएवढी. आधी हात धुवा. बूच बोटांत वळून वातीसारखं बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. बूच आत सारा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नीट बसलं तर १५ ते ३० डेसिबल आवाज कमी होतो. कान फुटलेला किंवा वाहता असेल तर बूच घालू नका. त्यांच्यासाठी आणि लहान लेकरांसाठी कानावर बसणारे जाड कप असतात, इअरमफ म्हणतात. त्या मसाला गिरणीवाल्या गटाने आपल्या नफ्यातून दोन इअरमफ घेतले. पहिले चार दिवस हसू आलं, आता कुणी काढत नाही. मात्र मळणी यंत्राजवळ पदर आणि केस जसे आवरून घेता, तशी इअरमफची पट्टीही घट्ट बसवा. आणि कान झाकले असतील तेव्हा हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, म्हणजे यंत्र बंद कर म्हटलेलं कळेल.

सणाबद्दल दोन शब्द. काही जणी म्हणाल्या, पोरांचा उत्साह का मोडायचा? आणि आम्ही बोललो तर तरुण मंडळं म्हणतील, बायकांना सणाचं वावडं. आम्ही सण बंद करा म्हणत नाही. भुईचक्र, फुलबाजी, पाऊस याने दिवाळी होते. त्यातही मोठं माणूस जवळ हवं, सुती कपडे हवेत, पाण्याची बादली हवी. आवाजाचा फटाका फोडायचाच असेल तर मोकळ्या रानात, लांबून, मोठ्यांनी. बोळात, पत्र्याच्या शेडमध्ये, जिन्याखाली नाही. डबा पालथा घालून तर अजिबात नाही. हलगी असो, ढोल असो, डीजे असो. ढोल आपला म्हणून कान त्याला सूट देत नाही. तान्ह्या बाळाला आणि गरोदर सुनेला स्पीकरच्या भिंतीपुढे नेऊ नका. वाजवणाऱ्या पोरांनी कानात बूच घाला. ढोल पथकातल्या मुलामुलींना हे नक्की सांगा, कारण आवाजाच्या सगळ्यात जवळ तेच असतात.

आणि कायदा आपल्या बाजूने आहे, तोही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात लाउडस्पीकर बंद. सणासुदीला रात्री १२ पर्यंत मुभा सरकार देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. दवाखाना आणि शाळेपासून १०० मीटरपर्यंतचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. लोकवस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. २०१८ मध्ये लडींवर, म्हणजे एकाला एक जोडलेल्या माळांवर बंदी घातली. तक्रार करायची झाली तर ११२ नंबर आहे. एकटीने नाव घेऊन भांडायला जायची गरज नाही. गट म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्या. एका बाईचा आवाज दाबता येतो, वीस जणींच्या सह्या असलेला अर्ज आवक-जावक वहीत नोंदवावा लागतो.

आमच्या ग्रामसंघाने काय ठरवलं ते सांगतो, पटलं तर तुम्हीही करा. एक, आमच्या कुणाच्याही घरातून पाइपच्या बंदुकीला आणि कार्बाइडला पैसे द्यायचे नाहीत. शेतात पाखरं राखायला चमकणाऱ्या पट्ट्या, जाळी, डबा आणि बुजगावणं. दोन, ज्या घरात कार्बाइड आधीच आहे तिथे ते कोरड्या, बंद डब्यात, पोरांचा हात पोचणार नाही असं ठेवायचं. तीन, गावातल्या किराणा दुकानदाराला जाऊन सांगायचं की सुट्टं कार्बाइड लहान मुलांना विकू नका. आम्ही पाच जणी गेलो. दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, माझाही नातू आहे घरात. चार, गटाच्या खर्चातून इअरप्लगचं एक पाकीट आणून ठेवायचं, मळणीला जाणारीने मागून न्यायचं. पाच, दिवाळी झाली की पुढच्याच बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातल्या मुलांची कुजबुजीची तपासणी केली का, ते सांगायचं. हे आम्ही ठराव वहीत लिहून घेतलं आहे, कारण लिहिलं नाही तर होत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या की दहा मिनिटं या विषयाला द्या. ज्या मैत्रिणीला ऐकायला कमी येतं, तिला मध्ये बसवा आणि तिच्याकडे तोंड करून बोला. अशी एक तरी मैत्रीण प्रत्येक गटात असतेच. ती गप्प असते कारण तिला ऐकू येत नाही, तिला मत नसतं म्हणून नाही. तिलाही एकदा तपासणीला घेऊन जा.

तुमच्या गटाने काय ठरवलं, ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी इथेच वाचून दाखवू.